वजिराला वेसण

एप्रिल १८१८. वर्धा नदी आणि पांढरकवडा यांच्यामधला, आजच्या राळेगाव तालुक्याच्या आसपासचा मुलूख उन्हाने भाजून निघत होता. खडकीच्या लढाईनंतर पुणे सोडलेला दुसरा बाजीराव पेशवा पाच महिने घोडदौड करत या टोकाला येऊन पोचला होता. नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांशी हात मिळवायचा त्याचा बेत होता, पण पलीकडच्या काठाची वाट इंग्रजांनी आधीच रोखली होती. मागे फिरावे तर तिकडेही पलटणी. १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ सिवनीला कर्नल अ‍ॅडम्सने त्याला गाठले, पेशव्याची फौज उधळली आणि तो स्वतः निसटला. जूनमध्ये असीरगडाजवळ माल्कमच्या हवाली होईपर्यंत तो निसटतच राहिला.

या पळापळीत एक विचित्र गोष्ट होती. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह फेब्रुवारीतच, आष्टीच्या लढाईत, इंग्रजांच्या हाती लागले होते. बुद्धिबळाच्या भाषेत बोलायचे तर राजा पटावरून गेला होता आणि तरीही डाव चालू होता, कारण सारे बळ वजिरात होते. पटावर असे कधी होत नाही. मराठी राज्यात झाले.

बाजीरावाच्या संदर्भात बुद्धिबळाची भाषा येथे उगाच आलेली नाही. त्याच्याच अमदानीत, पेशव्यांच्या आश्रयाने, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी ‘विलासमणिमंजरी’ हा बुद्धिबळावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला. डाव कसा संपवावा याच्या मांडण्या त्यात आहेत. १८१४ मध्ये मुंबईत त्याचे इंग्रजी भाषांतर छापले गेले, तेही त्या मांडण्या युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेऊन. म्हणजे पेशवाई बुडायच्या चार वर्षे आधीच पुण्याच्या आश्रयातला खेळ मुंबईत साहेबाच्या नियमांत बसवला जात होता. बुद्धिबळाच्या मराठी इतिहासात नियमांचा हा सांधा फार महत्त्वाचा आहे. त्या सांध्यावर सगळ्यात जास्त ताण पडला तो पटावरच्या सर्वांत बलाढ्य मोहऱ्यावर, वजिरावर.

वजीर मुळात बलाढ्य नव्हता. चतुरंगातला मंत्री आणि त्यातून इराणी-अरबी शतरंजात गेलेला फर्झीन हे राजाच्या शेजारी उभे असत. मान मोठा, चाल मात्र तिरपे एक घर. पटाच्या मधोमध उभा केला तरी त्याच्या टप्प्यात फक्त चार घरे येत. आजचा वजीर मोकळ्या पटावर मधून सत्तावीस घरांवर नजर ठेवतो. तिरपे एकच घर चालणारा मंत्री जन्मभर एकाच रंगाच्या घरांवर फिरणार, म्हणजे चौसष्टपैकी बत्तीस घरे त्याला कायमची बंद. राजासमोर राजा अशी मांडणी असली की दोन बाजूंचे वजीर वेगवेगळ्या रंगांवर पडत आणि सबंध डावात एकमेकांना कधी भिडतच नसत. दोन राज्यांचे दोन मुख्य प्रधान, आणि आयुष्यात एकदाही गाठ नाही!

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२व्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ज्ञानकोशवजा ग्रंथात राजाच्या करमणुकींच्या यादीत चतुरंग आहे. पुढे १७व्या शतकात काशीला स्थायिक झालेल्या, मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी ‘भगवंतभास्कर’ लिहिला. धर्मशास्त्राच्या या थोरल्या ग्रंथातील ‘नीतिमयूख’ या राजनीतीच्या भागातही बुद्धिबळाला जागा मिळाली आहे. राजनीतीच्या पोथीत सोंगट्यांचा खेळ यावा, हे त्या काळाला खटकले नाही. खेळ राज्यकारभाराचीच प्रतिमा होता आणि त्या प्रतिमेत मंत्री राजाच्या शेजारी उभा असला, तरी त्याला फार लांब जाऊ देत नव्हते.

फर्झीनच्या, म्हणजे इकडच्या बोलीतल्या फर्जीच्या, या तिरप्या चालीचा आणखी एक साक्षीदार वऱ्हाडाच्या अगदी जवळचा आहे. १५९६ मध्ये चांदबिबीने वऱ्हाड अकबराला दिले. ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये ‘कलम’चे नाव येते. राळेगावला लागून असलेले चिंतामणीचे कळंब ते हेच. या दख्खन स्वारीतला मोठा मोगल सरदार म्हणजे अब्दुल रहीम खानखानान. बुऱ्हाणपूर हे त्याचे ठाणे, आणि हिंदीत दोहे लिहिणारा रहीम तो हाच. त्याचा एक दोहा उत्तरेत सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याचा आशय असा, की हलक्या माणसाला बढती मिळाली की तो माजतो, जसे प्यादे फर्जी झाले की वाकडे चालू लागते. थट्टा कळायला बुद्धिबळ माहीत असावे लागते. प्यादे सरळ चालते, फर्जी तिरपा, म्हणून ‘वाकडे’. आजचा वजीर तर सरळही चालतो आणि तिरपाही, त्याच्यावर ही कोटी बसत नाही. रहीमच्या कानावर युरोपातल्या नव्या वजिराची वार्ता गेली होती की नाही, हे दोह्यावरून ठरत नाही. त्याच्या श्रोत्यांचा फर्जी मात्र जुनाच होता, एवढे त्यातून दिसते.

ती नवी चाल तोवर तिकडे शंभर वर्षांची झाली होती.

युरोपात फर्झीनची राणी झाली ती ताकदीच्या कितीतरी आधी. इ.स. १०००च्या सुमारास स्वित्झर्लंडातील आइन्झीडेल्नच्या मठातल्या एका लॅटिन काव्यात पटावरची राणी पहिल्यांदा दिसते. दरबारात राजाशेजारी कोण बसते, तर राणी, असा साधा हिशेब असावा. पण ही राणीही तिरपे एकच घर चालणारी. अशी पावणेपाचशे वर्षे गेली. मग १४७५च्या सुमारास स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाच्या तिघा कवींनी मिळून एका डावाचे वर्णन कवितेत केले. त्यात राणी पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. १४९७ मध्ये सालामांकात छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकात जुने आणि नवे असे दोन्ही खेळ शेजारी शेजारी दिले आहेत. कॅस्टीलच्या इझाबेला राणीच्या दराऱ्याची छाया या मोहऱ्यावर पडली, असे काही इतिहासकार मानतात. कल्पना सुरेख आहे, पण पुरावा त्या मानाने अंधूक. इटालियन लोकांनी या नव्या खेळाला ‘चवताळलेल्या राणीचे बुद्धिबळ’ असे नाव दिले. नावात कौतुक कमी आणि धसका जास्त होता. रशियात तर काही काळ या मोहऱ्याला घोड्याची उडीही बहाल केली होती, पण तो लाड टिकला नाही. रशियन लोक या मोहऱ्याला आजही ‘फेर्झ’च म्हणतात. त्यांनी चाल घेतली, नाव बदलले नाही, आपल्यासारखेच.

एका मोहऱ्याची चाल लांबली आणि सगळा खेळ पालटला. पूर्वी दोन्ही बाजू सैन्य सावकाश पुढे आणत आणि लढाईला तोंड फुटायलाच वीसेक चाली जात. आता चौथ्या चालीत मात होऊ लागली. प्याद्याची किंमतही एका रात्रीत वाढली. आधी शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा व्हायचा तो अशक्त फर्जी, त्यासाठी जीव कोण टाकेल? आता तेच प्यादे संहारक होऊन परत फिरू लागले.

येथे मराठी वाचकाला एक तुलना सुचल्यावाचून राहत नाही. १६७४ च्या अष्टप्रधान मंडळात पेशवा हा आठांतला एक, मुख्य खरा, पण राजाच्या हुकमातला. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाला पेशवेपद मिळाले आणि चाल लांबू लागली. त्याच्या मुलाच्या घोड्यांनी नर्मदा ओलांडली. १७४९ मध्ये शाहू महाराज गेले, पुढच्या वर्षी सांगोल्याचा करार झाला आणि राजा साताऱ्याला आपल्या घरात स्थिर झाला. स्पेनच्या पटावर जे घडले ते महाराष्ट्राच्या जमिनीवर अडीचशे वर्षांनी घडले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण पुण्याच्या वाड्यात पट मांडून बसलेल्या कोणाला वजिराची लांब चाल अस्वाभाविक वाटली नसावी, एवढे म्हणायला हरकत नाही.

लांब चालीचा वजीर भारतात आला, रुजला आणि १९व्या शतकापर्यंत देशी डावात पक्का झाला. राजा, वजीर, उंट, घोडा, हत्ती, प्यादे ही मराठी नावेही तीच राहिली. वरवर पाहता देशी डाव आणि विलायती डाव यांतला वजीर एकच. दोघांची चाल एक, दोघांचा टप्पा एक. तरीही देशी डावातला वजीर दबून खेळे. याचे कारण त्याच्या चालीत सापडत नाही, ते भोवतालच्या मोहऱ्यांच्या नियमांत आहे. हॅरॉल्ड मरे यांनी १९१३ च्या आपल्या बुद्धिबळाच्या इतिहासात हिंदुस्थानी पद्धतींची तपशीलवार नोंद केली आहे. गावागणिक थोडे इकडे-तिकडे होत असे, पण ठोकताळा सारखा होता.

पहिले कुंपण म्हणजे, देशी डावात प्यादे पहिल्या चालीलाही सहसा एकच घर पुढे जाई. साहेबाच्या डावात राजापुढचे प्यादे दोन घरे सरकले की वजीर आणि उंट दोघांनाही वाट मिळते. इथे दार अर्धेच उघडायचे. वजीर बराच वेळ घरातच.

दुसरे कुंपण राजाभोवती होते. विलायती डावात किल्लेकोट करून राजा हत्तीआड जातो. देशी डावात किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला आयुष्यात एकदा घोड्याची उडी मारायची सवलत असे, तीही तोवर शह बसला नसेल तर. म्हणून पहिला शह हा नुसता शह नसे, तो राजाची उडी हिरावून घेणारा डाग असे. अशा डावात वजिराला दूरच्या स्वारीवर पाठवणे जोखमीचे. राजा उघडा आणि राखणदार परमुलखात, ही स्थिती कोणाला परवडणार?

तिसरे कुंपण सर्वांत मजेचे. प्यादे शेवटच्या रांगेत पोचले की विलायती डावात ते मागेल ते होते, आणि मागणारा बहुतेक वेळा वजीरच मागतो. देशी डावात प्यादे ज्या घरात पोचले त्या घराच्या मूळ मालकाचे पद त्याला मिळे. हत्तीच्या उभ्या रांगेतले हत्ती, घोड्याच्या रांगेतले घोडा. वजीर व्हायचे तर राजाच्या किंवा वजिराच्याच रांगेतून जावे लागे. शिवाय बऱ्याच ठिकाणी ते मोहरे आधी मारले गेलेले असावे लागे. वजीर जिवंत असताना दुसरा वजीर नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हा न्याय मराठी माणसाला समजावून सांगावा लागला नसेल. आणि हा निव्वळ देशी हट्टही नव्हता. १८व्या शतकातला पॅरिसचा अव्वल खेळाडू फिलिदोर यालाही एका बाजूला दोन-दोन राण्या असणे पसंत नव्हते.

याहून वेगळी होती ती बुर्जी. समोरच्याचे सगळे मोहरे मारले आणि राजा एकटा उरला, तर ती बुर्जी. तिला पुरी मात म्हणत नसत. कुठे अर्धा विजय, कुठे सरळ बरोबरी. याचा परिणाम असा, की जिंकत आलेल्या खेळाडूलाच हात आखडता घ्यावा लागे. वजिराने सपाटा लावून सगळे मारून टाकले तर हातचा डाव गेला. म्हणून शत्रूचे एखादे प्यादे, एखादा घोडा मुद्दाम जिवंत ठेवायचा आणि त्याच्या देखत राजाला कोंडायचे. दुबळ्याला जगू देणे ही येथे दया नव्हती, ती हिशेबाची गरज होती. त्यातही सर्वांत मानाची मात प्यादेमात, म्हणजे वजिराने सगळी नाकेबंदी करायची आणि शेवटचा घाव क्षुल्लक प्याद्याने घालायचा. ज्याच्यावर ती बसली त्याची चारचौघांत शोभा. ‘प्यादेमात’ हा शब्द मराठीत राजकारणाच्या बातम्यांपर्यंत पोचला तो या मानापमानामुळेच. शह-काटशह, मोहरा हे शब्दही त्याच पटावरून आले.

मराठी खेळाडूंच्या बोलीत आणखी एक शब्द आहे, ‘जोर’. घोड्याला उंटाचा जोर आहे, म्हणजे घोडा मारलात तर उंट मारणाऱ्याला मारील. जोर नसलेला वजीर कितीही मोठा असो, पळता भुई थोडी. हा शब्द इंग्रजीतल्या ‘संरक्षण’ या अर्थाच्या शब्दापेक्षा किती नेमका आहे! संरक्षण म्हटले की ढाल डोळ्यांपुढे येते, जोर म्हटला की पाठीशी उभा राहिलेला भाऊबंद.

बलाढ्य पात्राला नियमाने वेसण घालायची, ही युक्ती मराठी मुलखात फक्त बुद्धिबळापुरती नव्हती. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पाने, एकूण एकशेवीस. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान ही वरची दोन पाने. पण डावाची सुरुवात कोणी करायची हे घड्याळ ठरवते. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो, रात्री असेल तर कृष्णाचा. सूर्य मावळला की एका नायकाचा मान दुसऱ्याकडे. शिवाय पाच रंगांत आकड्यांची पाने दहापासून एककडे उतरतात आणि उरलेल्या पाचांत उलटी, म्हणजे एक्का तेथे दश्शीला भारी. वरची दोन पाने सोडली तर मोठेपणा कशात, हे पानावर लिहिलेले नसते, ते रंगावर ठरते.

या सगळ्याचे एक दूरचे, चकाकते भावंड आजच्या शहरांतल्या टेबलांवर दिसते: छोट्या पुतळ्यांनी खेळायचे युद्धाचे खेळ. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्रन्सविकच्या योहान हेल्विग या शिक्षकाने बुद्धिबळाचा पट दीड हजारांहून अधिक घरांचा केला, घरांना डोंगर, नदी, दलदल असे रंग दिले आणि युद्धाचा खेळ बनवला. पुढे प्रशियाच्या फौजेने असाच खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरला. १९७१ मध्ये अमेरिकेत ‘चेनमेल’ नावाचे छोट्या पुतळ्यांच्या लढाईचे नियमपुस्तक निघाले. त्याच्या पुरवणीत जादूगार, राक्षस आणि ‘हीरो’ होते. हीरो चार शिपायांच्या बरोबरीने लढे, ‘सुपरहीरो’ आठांच्या. चतुरंगातल्या मंत्र्याच्या वंशात असा वीरपुरुष जन्माला आला.

या वीरपुरुषाचे काय झाले, ते इंग्लंडमधल्या ‘वॉरहॅमर’ या खेळात नीट पाहता येते. १९८३ मध्ये सुरू झालेल्या या खेळाच्या १९९२ आणि १९९६ च्या आवृत्त्यांत सेनापती, जादूगार, ड्रॅगनवर बसलेले राजे इतके प्रबळ झाले, की उरलेले सैन्य टाळ्या वाजवायला उभे केल्यासारखे दिसे. खेळणाऱ्यांनी त्या काळाला चेष्टेने ‘हीरोहॅमर’ नाव दिले. २००० च्या सहाव्या आवृत्तीने मोजणीच बदलली. दोन हजार गुणांखालच्या सैन्यात सर्वांत वरच्या दर्जाचा सरदार घेताच येईना आणि एकूण वीर तीनच. दोन हजारांच्या सैन्यात चार वीर, त्यांत सरदार एक. २०१० मध्ये हा हिशेब टक्क्यांवर आला. सरदारांवर पाव हिस्सा, वीरांवर पाव हिस्सा, त्याहून जास्त खर्च नाही.

पण खरा घाव दुसरीकडून बसला. त्याआधी हल्ला करणारा वीर समोरची रांग कापून काढी आणि मेलेले शिपाई उलट वार करू शकत नसल्याने त्याच्या अंगावर ओरखडा उमटत नसे. २०१० च्या नियमांत मेलेल्याच्या जागी मागचा शिपाई पुढे सरकून वार करू लागला, आणि मागे रांगा जास्त असल्या तर हरलेली तुकडीही जागा सोडेना. वीराच्या तलवारीची धार तेवढीच होती. प्याद्यांना जोर मिळाला होता. वऱ्हाडातल्या एखाद्या जुन्या खेळाडूला हे समजायला दोन मिनिटे पुरली असती.

देशी डाव मागे कसा पडला, त्याची कथा मात्र तुलनेने कोरडी आहे. तो कोणी बंद केला नाही. कलकत्त्यात १८५०च्या आसपास स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रन आणि मोहेशचंद्र बॅनर्जी यांच्यात डावांमागून डाव झाले. मोहेशचंद्रांना प्यादी एकेक घर सरकवायची देशी सवय होती. ते मध्यावर झडप घालत नसत, बाजूने उंट लावून दुरून मारा करत. त्या ढंगाच्या सुरुवातींना जगभर आजही ‘इंडियन’ म्हणतात. म्हणजे नियम गेला आणि त्याने लावलेली खोड राहिली. पंजाबातला मीर सुलतान खान देशी डावावरच वाढला, विलायती नियम नंतर शिकला, आणि तरीही त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ असे तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. सुरुवातीच्या चालींत तो चाचपडे, पण डाव पुढे सरकून पट मोकळा झाला की त्याला आवरणे कठीण जाई. माजी जगज्जेता कापाब्लांका यालाही त्याने हरवले. वजिराच्या धाडीपेक्षा सावकाश कोंडी करण्याची तालीम कुठे झाली होती, हे त्याच्या डावांत दिसते.

सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून १९७७ मध्ये केलेल्या ‘शतरंज के खिलाडी’त १८५६ सालचे लखनौ आहे. त्यात दोघा नवाबी खेळाडूंना साहेबाच्या डावाचे नियम समजावून सांगितले जातात: वजिराची राणी होते, प्यादे दोन घरे जाते, खेळ लवकर आटपतो. शेवटी राज्य गेल्यावर ते दोघे त्याच झटपट पद्धतीने डाव मांडतात. वऱ्हाडाने हा अनुभव तीनच वर्षे आधी घेतला होता. निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली बघितलेला हा प्रदेश १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. दोन धन्यांचे दोन हिशेब सांभाळायची सवय असलेल्या मुलखात पटावरही दोन कायदे दीर्घकाळ सुखाने नांदले असतील, तर नवल नाही.

स्वातंत्र्यानंतर अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ आला, स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनी होऊ लागल्या आणि देशी डाव ओट्यावर, पारावर उरला. १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचे अजिंक्यपद महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांना विभागून मिळाले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून पिढ्या घडवल्या. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकरने जिंकली, तिच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी मागोमाग आल्या. विदर्भाची पाळी उशिरा आली, पण जोरात आली. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली.

तरी घराघरांत देशी कायदा पुरता मेलेला नाही. मोबाइलवर खेळून आलेला नातू आठव्या घरात प्यादे नेतो आणि दुसरा वजीर मागतो. आजोबा विचारतात, पहिला आहे की रे जिवंत? हे भांडण नागपुरात होते, सांगलीत होते आणि राळेगावातही होत असणार. आजोबांच्या बाजूने एक मूक साक्षीदार असतो: दुकानातून आणलेला लाकडी डबा. त्यात बहुतेकदा प्रत्येक रंगाचा एकच वजीर येतो, पुस्तकातला नियम काहीही म्हणो. मग मारलेला हत्ती शोधून उलटा उभा करतात आणि त्याला वजीर म्हणतात. आंतरराष्ट्रीय पंच मात्र त्याला वजीर मानत नाहीत. २०१७ च्या कॅनडाच्या अजिंक्यपदाच्या लढतीत घाईच्या वेळी एका खेळाडूला वजीर हाताशी सापडेना, त्याने उलटा हत्ती ठेवला, आणि पंचांनी घड्याळ थांबवून निकाल दिला: उलटा असला तरी तो हत्तीच, आणि तो हत्तीसारखाच चालेल.